आभाळातून पाणबुडीचा माग

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या पाणबुडीने टॉर्पेडो मारून आपली ‘आयएनएस खुखरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. एकूण १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री मृत्युमुखी पडले. पुढचे काही दिवस आपली जहाजं आणि विमानं हँगोरच्या मागावर होती, तरीही ती निसटली आणि कराचीला सुखरूप पोहोचली.

त्या काळी किनाऱ्यावरून दूरवर जाऊन समुद्रावर टेहळणी करण्याची जबाबदारी हवाई दलाकडे होती. १९७६ मध्ये ती नौदलाकडे आली. हवाई दलाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन विमानं घेऊन ‘आयएनएएस ३१२’ ही तुकडी उभी राहिली. १९८८ पासून या तुकडीने रशियन बनावटीची अवाढव्य टीयू-१४२ विमानं उडवली आणि आज ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या ‘आयएनएस राजाली’ तळावरून पी-८आय, म्हणजे अमेरिकेच्या पी-८ या पाणबुडीशोधक विमानाचा भारतीय अवतार, उडवते. भारताने २००९ मध्ये अशी आठ विमानं मागवली, पहिलं २०१३ मध्ये आलं. २०१६ मध्ये आणखी चार मागवली आणि त्यांच्यासाठी गोव्याच्या ‘आयएनएस हंसा’वर दुसरी तुकडी तयार झाली.

बाहेरून पाहिलं तर पी-८आय आपल्या ओळखीचं वाटतं, कारण त्याचा सांगाडा बोइंग ७३७ या प्रवासी विमानाचा आहे. ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने जाणारं हे विमान, पाण्याखाली शंभर-दोनशे मीटरवर चूपचाप सरकणारी पाणबुडी शोधतं तरी कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. नुसती यंत्रांची यादी वाचून त्याचा उलगडा होत नाही. त्यासाठी आधी समुद्र समजून घ्यावा लागतो आणि मग घड्याळ.

उंचीचा फायदा

पृथ्वी गोल असल्यामुळे जहाजावरून फार लांबचं दिसत नाही. पाण्यापासून तीस मीटर उंचीच्या डोलकाठीवरून क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असतं. तेच नऊ हजार मीटर उंचीवरच्या विमानातून सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणजे विमानाच्या रडारला एका वेळी जेवढा समुद्र दिसू शकतो, तेवढा पालथा घालायला एखाद्या जहाजाला कित्येक दिवस लागतील. पी-८आयमध्ये नाकात एक रडार आहेच, शिवाय भारताने मागच्या बाजूलाही एक बसवून घेतलं आहे. अमेरिकी नौदलाच्या पी-८ मध्ये ते नसतं.

या नजरेचा उपयोग युद्धापुरता नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात जबर जखमी झाले. मॉरिशसहून उडालेल्या पी-८आयने त्यांची मोडक्या डोलकाठीची होडी शोधून काढली आणि नंतर एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. समुद्रावरचे चाचे, भरकटलेल्या नौका, बेपत्ता विमानं, सगळ्यांच्या शोधात हेच विमान पुढे असतं.

पण हा सगळा पाण्यावरचा खेळ झाला. रडारच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. पाणबुडीने पेरिस्कोप किंवा हवा घेण्याची नळी पाण्याबाहेर काढली, तर लाटांच्या गर्दीतही चांगलं रडार ती टिपू शकतं. ती खाली गेली की रडार आंधळं.

पहिल्या महायुद्धात काही काळ नुसत्या डोळ्यांनी भागलं होतं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी एड्रियाटिक समुद्रात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दोन उडत्या बोटींनी (पाण्यावर उतरू शकणाऱ्या विमानांनी) ‘फुको’ ही फ्रेंच पाणबुडी बुडवली. खुल्या समुद्रात विमानांनी बुडवलेली ही पहिली पाणबुडी. पाणी नितळ होतं म्हणून ती वरून दिसली. मला या घटनेतली पुढची गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे: हल्ला करणारी तीच विमानं पाण्यावर उतरली आणि त्यांनी फ्रेंच खलाशांना वाचवलं.

पाण्यात फक्त आवाज चालतो

प्रकाश आणि रेडिओ लहरींची डाळ जिथे शिजत नाही, तिथे आवाज मात्र मनसोक्त धावतो. समुद्रात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. अंतरही तो प्रचंड कापतो. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेले स्फोट अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटाजवळ पाण्यातल्या मायक्रोफोनना ऐकू आले होते. वीस हजार किलोमीटरच्या आसपासचं ते अंतर आवाजाने पावणेचार तासांच्या आत तोडलं.

तेव्हा विमानाला पाण्यात कान हवेत, आणि स्वतः तर ते पाण्यात उतरू शकत नाही. मग ते कान टाकून देतं. या टाकायच्या कानाला सोनोबॉय म्हणतात. साधारण ९१ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर जाड अशी ही नळी विमानाच्या पोटातून सोडतात. छोटी हवाई छत्री तिचा वेग कमी करते. पाण्यात पडताच खाऱ्या पाण्यानेच तिची बॅटरी सुरू होते. वरचा तरंगता भाग अँटेना घेऊन पृष्ठभागावर राहतो, आणि तारेला बांधलेला पाण्यातला मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, ठरवलेल्या खोलीपर्यंत खाली जातो. ही खोली तीस मीटरही असू शकते आणि तीनशेही. ऐकलेलं सगळं रेडिओवरून विमानाकडे जातं. ठरलेला वेळ, जास्तीत जास्त आठेक तास, संपला की सोनोबॉय आपोआप पाणी भरून घेतो आणि बुडतो. तो पुन्हा वापरायचा नसतोच. पी-८ च्या पोटात असे शंभराहून अधिक सोनोबॉय मावतात.

ही वापरून टाकायची वस्तू स्वस्त मुळीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने भारताला सोनोबॉय आणि त्याबरोबरचं साहित्य विकायला मंजुरी दिली, त्याची अंदाजित किंमत ५ कोटी २८ लाख डॉलर होती. विमान एकदा घेतलं जातं, सोनोबॉय आयुष्यभर घेत राहावे लागतात. संरक्षण खरेदीच्या बातम्यांत विमानाचा फोटो छापून येतो, पण त्याच्या पोटात सोनोबॉय नसतील तर पाणबुडीपुढे ते जवळजवळ बहिरं असतं.

सोनोबॉयचे मुख्य प्रकार दोन. एक नुसता ऐकतो. आत होकायंत्र असल्यामुळे आवाज कुठल्या दिशेने आला तेही तो सांगतो. अशा दोघांनी एकच आवाज ऐकला की नकाशावर दोन रेषा काढायच्या. त्या जिथे छेदतात तिथे पाणबुडी. दुसरा प्रकार स्वतः आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. उत्तर नेमकं मिळतं, पण तो आवाज पाणबुडीलाही ऐकू जातो आणि आपल्यामागे कोणीतरी लागलंय हे तिला कळतं. म्हणून आधी शक्य तितकं गुपचूप ऐकायचं आणि आवाज सोडायचा तो अखेरच्या टप्प्यात.

समुद्र एकसारखा नसतो

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. गुंता पाण्याच्या तापमानाने होतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे.

आवाजाचा वेग पाणी गरम असेल तर वाढतो, थंड असेल तर घटतो. खोलीबरोबर दाब वाढतो, त्यानेही वेग थोडा वाढतो. आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो. आता उष्ण प्रदेशातला समुद्र डोळ्यांसमोर आणा. वरचं काही मीटर पाणी उन्हाने तापलेलं आणि वाऱ्याने घुसळून एकजीव झालेलं असतं. त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं. या सीमेवर आवाज खाली वाकतो. पृष्ठभागाजवळच्या हायड्रोफोनला सीमेखालच्या पाणबुडीचा आवाज मग फारच कमी ऐकू येतो, कधी येतच नाही. पाणबुडीचे कप्तान ही सीमा शोधून तिच्या आडोशाला राहतात. मधे भिंत कुठेच नसते, तरी आडोसा मात्र खरा.

१९३७ मध्ये अमेरिकेच्या ‘सेम्स’ या जहाजाला क्युबाजवळ एक चमत्कारिक अनुभव आला. सकाळी उत्तम चालणारं सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालची वस्तू शोधणारं यंत्र, दुपारनंतर कमजोर पडायचं. यंत्रात दोष नव्हता. दिवसभराच्या उन्हाने वरचं पाणी तापायचं आणि आवाज खाली वाकून जायचा. खोलीनुसार पाण्याचं तापमान मोजणारं उपकरण त्याच सुमारास विकसित झालं, त्याला या प्रश्नाने मोठा रेटा दिला. आज पी-८आय शोध सुरू करण्यापूर्वी तापमान मोजणारा वेगळा सोनोबॉय आधी टाकतं. बाकीचे हायड्रोफोन किती खोल सोडायचे आणि एकमेकांपासून किती अंतरावर, हे त्या मोजणीवरून ठरतं.

आपल्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांचा स्वभावही सारखा नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी बंगालच्या उपसागरात एवढं गोडं पाणी ओततात की त्या हलक्या पाण्याचा थर वर तरंगत राहतो. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त, नद्यांचं पाणी कमी, म्हणून तो अधिक खारट. विमान तेच, सोनोबॉय तेच, तरी पूर्वेकडे जे ऐकू येईल ते पश्चिमेकडे येईलच असं नाही. त्यावर पावसाळ्यात सरींचा आणि लाटांचा गोंगाट, किनाऱ्यालगत मासेमारी नौकांची इंजिनं. उथळ उष्ण पाण्यात तर नांग्या वाजवणाऱ्या छोट्या कोळंबीच्या झुंडी अखंड कडकडाट करत असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांनी या कडकडाटाआड लपण्याचा फायदा घेतला होता.

आवाजातून ओळख

एवढ्या कोलाहलातून पाणबुडी वेगळी काढणारी व्यक्ती विमानातल्या पडद्यासमोर बसलेली असते. पी-८आयमध्ये साधारण नऊ जणांचा चमू असतो. वैमानिक पुढे, पण शिकारीचा आराखडा मागे बसलेला अधिकारी ठरवतो. आपल्या नौदलात या शाखेच्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षं ‘ऑब्झर्व्हर’ म्हटलं जात आलं आहे. कुठे सोनोबॉय पेरायचे, केव्हा वळायचं, केव्हा आवाज सोडायचा, हे निर्णय त्यांचे.

सोनोबॉयवरून आलेला आवाज कानापेक्षा डोळ्यांनी जास्त वाचला जातो. तो वेगवेगळ्या कंप्रतांमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार, फोडून पडद्यावर सरकत्या आलेखासारखा दाखवतात. लाटांचा आवाज सगळीकडे पसरलेला धुरकट ठिपक्यांचा पट्टा होतो. यंत्राचा आवाज मात्र एका ठरावीक जागी सरळ रेघ ओढतो. समजा, सात पात्यांचा पंखा सेकंदाला एक फेरा घेतोय, तर सात हर्ट्झवर रेघ उमटेल. माणसाच्या कानाला हा आवाज ऐकूच येत नाही, पण पडद्यावर तो दिसतो. पंप, जनरेटर, गिअर, प्रत्येकाची रेघ वेगळी. या रेघांच्या जुळणीवरून जाणकार माणूस पाणबुडीचा वर्ग ओळखतो. म्हणूनच सगळे देश शांततेच्या काळातही एकमेकांच्या पाणबुड्यांचे आवाज गोळा करत असतात आणि तो साठा जिवापाड जपतात.

रेघ किंचित सरकली तर तेही बोलकं असतं. फलाटावर उभं असताना येणाऱ्या गाडीची शिट्टी तीव्र आणि निघून जाणारीची जड वाटते, तसंच इथे होतं. कंप्रता उतरायला लागली, की पाणबुडी त्या सोनोबॉयला ओलांडून पुढे निघाली असं समजायचं.

सर्वांत कठीण सावज कोणतं? अनेकांना वाटतं अणुपाणबुडी. ती महिनोन्महिने पाण्याखाली राहू शकते हे खरं, पण तिच्या अणुभट्टीची, टर्बाइनची यंत्रणा पूर्णपणे बंद ठेवता येत नाही. उलट साधी डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी बॅटरीवर हळूहळू चालत असेल, तर तिच्यात आवाज करण्यासारखं फारसं काही चालूच नसतं.

आवाजाखेरीज आणखी एक पुरावा असतो, लोखंडाचा. पोलादी पाणबुडी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात बारीकसा बदल घडवते. आपल्याकडे हे क्षेत्र ४०,००० नॅनोटेस्लाहून जास्त असतं आणि पाणबुडीमुळे होणारा फरक एखाद-दोन नॅनोटेस्लाचा किंवा त्याहून कमी. तो टिपणारं उपकरण विमानाच्या स्वतःच्या धातूपासून लांब, शेपटीच्या टोकाला बसवतात. त्याला ‘मॅड’ म्हणतात. त्याची पोच काहीशे मीटरचीच, म्हणून विमानाला खूप खाली यावं लागतं. अमेरिकेने आपल्या पी-८ मधून ते वगळलं, कारण त्यांना उंचावरूनच काम करायचं होतं. भारताने मात्र ते मुद्दाम मागणी करून बसवून घेतलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. गोंगाटाच्या समुद्रात कानावर शंका आली तर दुसरा साक्षीदार असलेला बरा, मग तो जवळून साक्ष देणारा का असेना. अर्थात समुद्रतळावरचं बुडालेलं जहाजही मॅडला पाणबुडीसारखंच वाटू शकतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

घड्याळ कोणाच्या बाजूने?

समजा, एका जहाजाला बारा वाजता पेरिस्कोप दिसला आणि लगेच नाहीसा झाला. पाणबुडी ताशी दहा किलोमीटरने कुठल्याही दिशेला गेली असेल. एका तासाने ती ३१४ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेतरी असेल. तीन तासांनी हेच वर्तुळ २,८०० चौरस किलोमीटरच्या पुढे जातं. वेळ तिप्पट, शोधायची जागा नऊपट. जेट इंजिनाचं विमान इथे आपली किंमत वसूल करतं. तासाभरात पोहोचलं तर मोजके सोनोबॉय पुरतात, उशीर झाला तर पोटातले सगळे टाकूनही जाळं विरळच राहतं.

घड्याळाचा दुसरा काटा पाणबुडीच्या बॅटरीत आहे. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी बॅटरीवर संथ गतीने दोन-चार दिवस काढू शकते, पण पूर्ण वेगाने पळाली तर तीच बॅटरी तास-दोन तासांत संपते. मग तिला वर येऊन, हवेची नळी बाहेर काढून डिझेल इंजिनं चालवावीच लागतात. तेव्हा ती रडारला दिसू शकते आणि तिचा आवाजही होतो. वर विमान घिरट्या घालतंय असं वाटलं तर कप्तान नळी बाहेर काढायचं टाळतो, वेग वाढवायचं टाळतो. खोल पाण्यात, मंद गतीने, दबून राहतो. अशा पाणबुडीला वेगाने जाणाऱ्या जहाजांचा पाठलाग करता येत नाही.

अटलांटिक महासागरात नेमकं हेच घडलं होतं. त्या महासागराच्या मध्यभागी बराच काळ दोस्त राष्ट्रांची किनाऱ्यावरची विमानं पोहोचत नव्हती आणि जर्मन पाणबुड्या तिथे पाण्यावर उघडपणे फिरून मालवाहू तांडे गाठत. १९४३ मध्ये लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं आली आणि ही पोकळी भरली. विमानांनी पुष्कळ पाणबुड्या बुडवल्या हे तर खरंच, पण त्याहून अनेकींना त्यांनी डुबकी मारायला लावलं, आणि पाण्याखाली गेलेली पाणबुडी तांड्याच्या मागे पडत गेली. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या आणि त्यांच्या नौदलप्रमुखाने उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागे घेतल्या.

म्हणून या विमानाचं यश किती पाणबुड्या बुडवल्या या आकड्यात मोजणं मला चुकीचं वाटतं. शांततेच्या काळात तो आकडा शून्यच असतो आणि तो तसाच राहावा. शत्रूच्या पाणबुडीला किती तास दबून राहावं लागलं, हे खरं मोजमाप. प्रत्यक्ष हल्ला करायची वेळ आलीच तर पी-८आयकडे मार्क-५४ हा हलका टॉर्पेडो असतो. तो छत्रीने पाण्यात उतरतो आणि स्वतःच्या सोनारने सावज शोधतो. जहाजांसाठी हार्पून क्षेपणास्त्रं वेगळी.

या मोजमापाला आता नवं आव्हान मिळालं आहे. बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा बसवली की बिगर-अणू पाणबुडीही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ खाली राहू शकते. पाकिस्तान चीनकडून अशा आठ पाणबुड्या घेत आहे, त्यातली पहिली एप्रिल २०२४ मध्ये वुहानला पाण्यात उतरली. या वर्गाला त्यांनी नाव दिलंय ‘हँगोर’. नळी बाहेर काढायची गरज जितकी कमी, तितकी रडारची संधी कमी, आणि तितकाच सगळा भार सोनोबॉयच्या कानांवर.

बारा विमानं, मोठा समुद्र

पी-८ तळापासून सव्वादोन हजार किलोमीटरवर जाऊन तिथे चार तास गस्त घालून परत येऊ शकतं. त्या जागी चोवीस तास पहारा ठेवायचा तर दिवसाला सहा उड्डाणं लागतात. जाणं-येणं धरून एक उड्डाण साडेनऊ तासांच्या आसपास, म्हणजे एक विमान दिवसात फार तर दोन फेऱ्या मारेल. देखभालीची मुभा ठेवली तर एका जागेसाठी तीन-चार विमानं गुंततात. आपल्याकडे एकूण बारा. आणि भारताचं सागरी आर्थिक क्षेत्र वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे, त्यापलीकडचा हिंदी महासागर वेगळाच.

त्यामुळे हे विमान एकट्याने काही करत नाही. जहाजांवरची एमएच-६०आर हेलिकॉप्टरं एका जागी तरंगत राहून दोरीने सोनार पाण्यात सोडतात, ते ७३७ ला जमणं शक्य नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, जिथे तळावरून उसळणारे प्रतिध्वनी सोनोबॉयला चकवतात, तिथे खास लहान युद्धनौका लागतात. या मालिकेतली पहिली नौका जून २०२५ मध्ये नौदलात आली, तिचं नाव वसईजवळच्या किल्ल्यावरून ‘आयएनएस अर्नाळा’.

पाण्यावरची टेहळणी तर विनावैमानिक विमानांकडे वळूही लागली आहे. नौदलाने २०२० मध्ये दोन सी गार्डियन भाड्याने घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही दलांसाठी मिळून अशा ३१ विमानांचा करार झाला, त्यातली १५ नौदलाची. ही विमानं एका दमात चोवीस तासांहून जास्त उडतात. जहाजांची नोंद, संशयास्पद नौकांवर लक्ष, चाच्यांचा पाठलाग ही कामं त्यांनी उचलली, की पी-८आयचे उड्डाणाचे मोजके तास पाण्याखालच्या शोधासाठी मोकळे होतात.